नळीतला शुक्र

ग्रंथात लिहिलं ते खरं, पण डोळ्यांना दिसलं ते जास्त खरं, अशी आमच्या घराण्याची घमेंड होती. अमरावतीत तेव्हा जोशी काही कमी नव्हते. पण बाकीचे पंचांग उघडून तिथी सांगायचे आणि आमचे बाबा अंगणात नळी लावून, ग्रह पाहून मगच सांगायचे. म्हणून लग्नाचा मुहूर्त काढायला लोक तिवशाहून यायचे, मूर्तिजापुराहून यायचे, थेट अकोल्याहून यायचे. गंमत अशी, की ज्या वर्षांत आमच्या दाराशी ही रीघ लागली होती त्या वर्षांत बाबांना स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. आकाश पाहत होते ती मी.

मी म्हणजे त्यांची विधवा मुलगी. पंधराव्या वर्षी माहेरी परत आले. डोक्यावरचे केस उतरवायचा दिवसही बाबांनीच काढून दिला होता. मग अंगावर लाल आलवण, एक वेळ जेवण आणि ये-जा करायला मागचं दार. पुढच्या दाराने गेले आणि कामाला निघालेल्या एखाद्याला समोर दिसले, तर तो तोंड फिरवून घरात परत जायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि पुन्हा निघायचा. तोच माणूस संध्याकाळी बाबांच्या पुढ्यात बसून पोरीच्या लग्नाची तिथी मागायचा, आणि ती तिथी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या ग्रहावर निघालेली असायची. तेव्हा मला याचं हसू यायचं. आता नुसता संताप येतो.

हे सुरू कसं झालं ते सांगते. एका पहाटे अंगणात काहीतरी धडपडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर बाबा नळीच्या खांबाला आपटून खाली बसले होते. कपाळाला खोक पडली होती. मी उठवायला गेले तर म्हणाले, “मले हात लावजो नको. इकडं ये अन् नळीतून पाह्य. काही दिसून राह्यलं का?”

मी डोळा लावला. काळ्या गोलात एक पिवळसर ठिपका होता. “दिसते,” मी म्हटलं.

“लुकलुकते?”

“नाई. स्थिर हाय.”

“मंग गुरूच.” एवढं बोलून त्यांनी कपाळाचं रक्त धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आत गेले. बरं केलंस नाही, काही नाही. दुसऱ्या पहाटे मला हाक आली आणि त्यानंतर रोज येत राहिली.

ती नळी म्हणजे दीड हात लांबीचा पोकळ बांबू. आतून काजळीने काळा केलेला. त्यात भिंग नव्हतं, काच नव्हती. साहेबाची दुर्बीण पाहिलेले लोक विचारायचे, यातून काय दिसणार? ग्रह मोठा दिसावा म्हणून ती नळी नसतेच. आभाळाचा उजेड आड राहावा आणि नजर भटकू नये, एवढंच तिचं काम. ग्रह कुठे असायला हवा हे आधी गणिताने काढायचं, नळी त्या जागेवर रोखायची आणि मग पाहायचं. गणित बरोबर असेल तर ग्रह नळीत सापडतो.

अंगणातल्या फरशीवर बाबांनी तरुणपणीच दिशा आखून ठेवल्या होत्या. मधोमध बारा अंगुळांची खुंटी उभी करायची आणि भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी खुंटीच्या सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण करायची, दुपारनंतर ते बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. त्या रेषेवरून नळीची दिशा धरायची. उंचीसाठी दोन खांब होते, एक आखूड आणि एक उंच, आणि उंच खांबाला अंगुळा-अंगुळावर खाचा. डोळे गेले तरी बाबांच्या बोटांना त्या खाचा बरोबर कळायच्या. गणित ते तोंडाने सांगायचे आणि मी धूळपाटीवर मांडायची. मला अक्षरं आणि आकडे शिकवले ते त्यापायी, माझ्या मायेपायी नाही.

वेळही बाबाच मोजायचे, तोंडाने. साठ दीर्घ अक्षरं सावकाश म्हटली की एक पळ होतं. सर्दी झाली की त्यांचं पळ लांबायचं आणि माझ्यावर चिडले असले की आखडायचं. ग्रहाची उंची बोटांनी मोजायची. हात ताठ पुढे धरायचा आणि क्षितिजापासून आडवी बोटं एकावर एक ठेवत जायची. पहिले काही महिने माझी बोटं त्यांच्या गणिताशी जुळेनात. मला मूर्ख म्हणून झालं, डोळे फुटले का म्हणून झालं. मग एका सकाळी त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली, त्यांच्या बोटांपेक्षा ती किती बारीक आहेत ते पाहिलं आणि गणितात माझं बोट धरायला लागले. बाबांनी माझा हात हातात घेतल्याची मला तेवढीच आठवण आहे.

तो काळ कापसाचा होता. समुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडाचं नशीब फळफळलं. आगगाडीचे रूळ अजून आमच्यापर्यंत पोचायचे होते. तिवशाकडून येणाऱ्या गाड्यांची रांग पहाटेच गावात शिरायची. काल कापूस वेचणाऱ्याच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या चढल्या. लोकांना पैसा कुठे ठेवावा ते कळेना, तेव्हा त्यांनी लग्नं काढली. भाव चढत गेला तशी नवरदेवांची वयं चढत गेली आणि पोरींची उतरत गेली. बाबांना बोलायला उसंत नव्हती.

लग्नाच्या कामात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अस्त. गुरू किंवा शुक्र फिरत फिरत सूर्याच्या इतका जवळ जातो की त्या झगझगाटात दिसेनासा होतो. तो पुन्हा दिसेपर्यंत लग्न लावायचं नाही. पहाटेचा शुक्र असला तर तो रोज थोडा थोडा सूर्याकडे उतरत जातो. ग्रंथ म्हणतो, शुक्र उगवल्यापासून सूर्य उगवेपर्यंत शंभर पळं भरली पाहिजेत, त्याहून कमी भरली की अस्त झाला समजा. बाबा म्हणायचे, शंभर काय नि नव्वद काय, दिसला तर आहे आणि नाही दिसला तर नाही. आणि पूर्वेला असा बुडालेला शुक्र पश्चिमेला पुन्हा निघायला दोन-अडीच महिने लावतो. वैशाखाच्या शेवटी बुडाला तर ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, पुढे चातुर्मास, आणि लग्नाचं बोलणं थेट तुळशीच्या लग्नानंतर.

हे सगळं सांगायचं कारण माझ्या भावाची मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली आणि तिला मी वाढवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. सागरगोटे खेळताना खोटं बोलायची, पकडलं की चावायची, आणि झोपताना माझ्या आलवणाचं टोक मुठीत धरायची. मुठीतून सोडवायला गेले तर झोपेतच अंगावर गुरगुरायची. माझ्या अंगाला अंग लावणारं त्या घरात ते एकच माणूस होतं.

दादाने तिचं लग्न ठरवलं अकोल्याच्या एका कापसाच्या अडत्याशी. अडत्या दादापेक्षा वयाने मोठा. त्याच्या दोन बायका गेल्या होत्या, एक तेराव्या वर्षी आणि एक चौदाव्या वर्षी, दोघी पहिल्याच बाळंतपणात. त्यांतल्या दुसरीच्या लग्नाचा मुहूर्तही आमच्याच घरून गेला होता. दादाला अडत्याने आपल्या दुकानात बसवायचं कबूल केलं होतं. मी दादाला म्हटलं, “अरे, दोन पोरी खाल्ल्या त्या घरानं.”

“बायका मरतच असतात,” दादा म्हणाला. “तुहा नवरा मेला तवा आमी तुह्यावर बोट दाखवलं का?”

दाखवलं होतं, रोज दाखवत होते. पण त्याच्याशी वाद घालून काय होणार होतं? मी बाबांकडे गेले. ते जपमाळ ओढत होते. म्हणाले, “पत्रिका जुळते. तू यात पडजो नको.”

लग्नाची तिथी ज्येष्ठात धरली होती. पंचांगाप्रमाणे शुक्राचा अस्त त्यानंतर चार दिवसांनी होता. बाबांना मात्र पंचांगावर भरवसा नव्हता, म्हणून रोज पहाटे नळी लागत होती. आणि तिथेच मला वाट सापडली. लग्न तुळशीपर्यंत पुढे गेलं, तर निदान सहा महिने मिळत होते. सहा महिन्यांत म्हातारा नवरदेव मरू शकतो, भाव पडू शकतो, दादाचं डोकं ठिकाणावर येऊ शकतं. मला काहीही चाललं असतं.

त्या पहाटे मी नळीला डोळा लावला. शुक्र होता. लहान, फिका, पण होता. बाबांनी विचारलं, “दिसते?”

“नाई,” मी म्हटलं.

मी खोटं बोलले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन, आणि याहून सफाईने बोलेन.

“पुन्हा पाह्य. धुरळा असंन.”

“धुरळा नाई. आभाळ साफ हाय.”

त्यांनी खाच चाचपली, दिशा चाचपली, तोंडाने पळं मोजली, तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या पहाटे तेच आणि तिसऱ्या पहाटेही तेच. मला वाटलं होतं ते चिडतील. पण त्यांचा चेहरा उजळला. “ग्रंथ चुकला,” ते म्हणाले. “शुक्र ग्रंथाच्या पुढं गेला. मी म्हणतच होतो का नाई?” नातीचं लग्न लांबतंय याचं त्यांना काहीच नव्हतं. गावातल्या सगळ्या जोश्यांना आपण खोटं पाडणार याचा त्यांना आनंद झाला होता. मीही मनात म्हटलं, होऊ दे त्यांना आनंद, माझं काम झालं.

बाबांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं, शुक्र अस्ताला गेला, आता लग्नं बंद. गावात बोंबाबोंब झाली. दादा तर पिसाळला. दुसऱ्या पहाटे तो स्वतः नळीला डोळा लावून बसला. मी आधीच उठून नळी दोन खाचा वर सरकवून ठेवली होती. एकदा नळीला डोळा लावला की माणूस बाकीचं आभाळ पाहत नाही. शुक्र खाली, गावाच्या परकोटाच्या भिंतीच्या जरासा वर होता, आणि हा शहाणा रिकाम्या आभाळाकडे डोळे ताणून पाहत होता. शेवटी पाणी आलं डोळ्यांतून, तेव्हा उठला. त्या दिवशी त्याने उगाचच पोरीला मारलं. मी मध्ये पडले तर मलाही मारलं. रात्री ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, “आत्या, माहं लगन नाई का आता?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मंग मले नवं लुगडं नाई?” मी इतकी हसले की दादा बाहेरून ओरडला.

चार दिवसांनी अकोल्याहून नवरदेवाची आई आली. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून बाई दोन रात्री प्रवास करून दिवस वर यायच्या सुमारास धमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, उतरली. अंगाने किरकोळ, तोंडात दात नाहीत, पण आवाज पाटलासारखा. हातपाय धुतले, ताक प्यायली, आणि बाबांशी चकार शब्द न बोलता मागच्या दारी माझ्याकडे आली. गोवऱ्यांच्या ढिगावर बसून म्हणाली, “शुक्र दिसत नाई म्हंते तुहा बाप.”

“नाई दिसत,” मी म्हटलं.

“मले तर दिसला. मूर्तिजापूर सोडलं तवापासून तोंड उगवतीकडंच व्हतं आमचं. बडनेऱ्याच्या अलीकडं चांदणी वर आली. बैलाच्या शिंगाईच्या मधात. म्या गाडीवानालेबी दाखवली.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अकोल्याहून येणारा माणूस पूर्वेकडे तोंड करून येतो. त्याच्यापुढे ना भिंत ना परकोट, आणि पाहायला त्याला नळी लागत नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे अजून शिल्लक होती, ती मी काढली.

“आता माहं ऐका,” मी म्हटलं. “बाबाले दिसत नाई. किती वर्षांपासून दिसत नाई. सगळे ग्रह मी पाह्यते. या बोडक्या बाईनं पाह्यलेल्या मुहूर्तावर अमरावतीतली निम्मी लग्नं लागली. तुमच्या ल्योकाचं मागचं लग्नबी. हे लग्न थांबवा, नाई तर आज चौकात जाऊन सांगते. सगळी लग्नं बाटतीन.”

म्हातारी हसायला लागली. तिला इतकं हसू आलं की ती खोकायला लागली आणि मीच तिला पाणी दिलं.

“बाप्पा! अवं पोरी, सगळ्या वऱ्हाडाले ठाऊक हाय थे,” ती म्हणाली. “खांबाले हात लावत चालणारा माणूस चांदण्या पाह्यते का? दुसऱ्या जोश्याकडं पोथी हाय, तुमच्याकडं डोळे हायेत. मनून तर आमी इतक्या दूर येतो. डोळे कोणाचे हायेत हे कोणी इचारलं का तुले आजवर? नाई इचारलं ना? कोणी बोलत नाई तवर काही बाटत नाई. अन् तू चौकात जाऊन बोलशीन, तर लोक तुले गोटे मारतीन. लग्नं कोणाचीच मोडणार नाईत.”

मी तिथेच खाली बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की या गावाचं एक गुपित माझ्या मुठीत आहे. त्या गुपितावर मी जगत होते. मला पाहून थुंकणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहून मी मनात म्हणायची, थुंक बाबा, तुझ्या पोरीचं कुंकू माझ्या डोळ्यांनी लागलंय. आणि तो थुंकणारा माणूसही ते जाणून होता. जाणून थुंकत होता आणि जाणून मुहूर्त नेत होता. मला त्या क्षणी सगळ्या गावाची शिसारी आली.

म्हातारी उठली, लुगडं झटकलं, ओट्यावर गेली आणि बाबांना म्हणाली, “जोशीबुवा, धुरळा व्हता म्हंते तुमची लेक.”

बाबा आंधळे होते, बावळट नव्हते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा झाला. ते उठले आणि दारात जाऊन लोकांना सांगितलं की पूर्वेला गाड्यांचा धुरळा होता, शुक्र आहे, अस्त झालेला नाही. समोरच्या आळीतला जोशी मोठ्याने हसला. ते हसू बाबा मरेपर्यंत विसरले नाहीत, आणि मलाही त्यांनी ते विसरू दिलं नाही.

म्हातारी गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मारलं नाही. म्हणाले, “तुले म्या डोळ्याच्या जागी ठेवलं, अन् तू माह्याच डोळ्यात धूळ फेकली. आजपासून नळीजवळ येजो नको.”

पण मी जात राहिले. पहाटे सगळे झोपलेले असताना जायची, खाच लावायची आणि पाहायची. शुक्र रोज खाली सरकत होता. दर पहाटे त्याच्यात आणि सूर्यात पळं कमी होत होती. आणि लग्नाला चार दिवस उरले तेव्हा नळी रिकामी झाली. कापसाचा हंगाम संपत आला होता, गाड्या बंद पडल्या होत्या, धुरळा नव्हता. आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं आणि त्यात शुक्र नव्हता. दुसऱ्या पहाटे नव्हता. तिसऱ्या पहाटेही नव्हता. मी नळी सोडून परकोटावर चढून पाहिलं. तिथूनही नव्हता. आता मला खोटं बोलायची गरजच नव्हती.

मी बाबांच्या पायाशी जाऊन बसले. “बाबा, शुक्र गेला. खरंच गेला. तुमची शपथ घेते. पोरीची शपथ घेते.”

“हाय,” बाबा म्हणाले.

“तुमी चला. खाच तुमी धरा, दिशा तुमी धरा. दादाले पाहू द्या, समोरच्या जोश्याले पाहू द्या. अस्त झाला, बाबा. ग्रंथ खरंच चुकला.”

ते उठले, चाचपडत अंगणात गेले, खांद्यावरचा पंचा काढला, त्याचा बोळा केला आणि नळीच्या तोंडात कोंबला. “लग्न लागेपर्यंत शुक्र हाय,” ते म्हणाले.

ज्याने जन्मभर डोळ्यांना दिसेल तेच खरं म्हटलं, त्या माणसाने हे केलं. लोकांपुढे दुसऱ्यांदा शब्द फिरवायला लागू नये म्हणून केलं. नातीची किंमत त्यांच्या लेखी त्या एका हसण्याएवढीही नव्हती.

लग्नाच्या दिवशी मला सरकीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मांडवात माझी सावली पडू नये म्हणून. पोरगी सकाळपासून “आत्या कुठी हाय, आत्या कुठी हाय” करत होती. नवं लुगडं दाखवायचं होतं तिला. कोणीतरी सांगितलं, आत्या परगावी गेली. मी आतून हाक मारणार होते, पण दादा दाराशी येऊन म्हणाला, “तोंड उघडलं तर पोरीलेच मारीन.” मी तोंडात आलवणाचा बोळा धरला. मंगलाष्टकं झाली, वाजंत्री झाली, जेवणं झाली. माझ्या खोलीची कडी काढायचं रात्रीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी तिकडली लढाई संपली, कापूस मातीमोल झाला आणि अकोल्याच्या दुकानाला कुलूप लागलं. दादा हात हलवत परत आला. पोरगी तेवढे दिवस घरी राहिली असती, तर त्या घरात गेलीच नसती. मी हे दादाला तोंडावर बोलले. त्याने मान खाली घातली, आणि मला ते पाहून फार बरं वाटलं.

तेराव्या वर्षी ती गेली. पहिलंच बाळंतपण, आधीच्या दोघींसारखं. अकोल्याहून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी चूल सारवत होते. बाबांनी आंघोळ केली, कोरडं धोतर मागितलं आणि संध्याकाळी विचारलं, आज जेवायला काय केलं. मी काहीही केलं नव्हतं.

सुतक फिटून महिना झाला नसेल, तर म्हातारी पुन्हा दारात. मला वाटलं सांत्वनाला आली. ती बाबांपुढे बसली आणि म्हणाली, “मुहूर्त पाह्यजे. शेतं हायेत, घर हाय, ल्योकाले एकटं कसं ठेवू? पोट्टी पाह्यली हाय, दर्यापूरची.” मग माझ्याकडे वळून, अगदी घरच्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, “यंदा नीट पाह्य हो. मागच्या वेळेसारखं नको.”

पहाटे बाबांनी मला हाक मारली. किती वर्षांनी मारली होती. मधली वर्षं त्यांनी मनाशी केलेल्या नुसत्या गणितावर मुहूर्त दिले होते. स्वतः खाच लावली, स्वतः दिशा धरली, रात्रभर मनाशी गणित केलं होतं. म्हातारी आणि दादा मागे उभे होते. मी नळीला डोळा लावला. शुक्र समोर होता, टपोरा आणि झळझळीत.

“दिसते?” बाबांनी विचारलं.

“नाई.”

“शुक्र दिसत नाई?” म्हातारी पुढे आली. “मले तर इथूनच दिसून राह्यला.”

“मले काहीच दिसत नाई,” मी म्हटलं. “माहे डोळे गेले.”

दादाने चुलीतलं जळतं लाकूड आणून माझ्या डोळ्यांसमोर फिरवलं. भुवया भाजतील इतकं जवळ आणलं. मी पापणी हलवली नाही. म्हातारीने लुगड्याचं टोक तोंडाला लावलं आणि समोरच्या जोश्याकडे चालू लागली. दर्यापूरच्या पोरीचं लग्न त्यानेच लावून दिलं. ते मला थांबवता आलं नाही.

आमच्याकडे मात्र त्यानंतर कोणी आलं नाही. एका घरात दोन आंधळे, असं लोक हसत सांगायचे. मी भिंतीला हात लावत चालायला शिकले, भाकरी चाचपून थापायला शिकले. दादा वेगळा राहायला गेला. बाबा पुष्कळ वर्षं जगले. मुहूर्त विचारणारं कोणी नसलं तरी ते पहाटे उठायचे, मनाशी गणित करायचे, बोटांनी खाच शोधून नळी रोखायचे आणि मला हाक मारून तिच्यापुढे उभं करायचे.

“डोळे थोडे तरी आले असतीन,” ते म्हणायचे. “मुहूर्ताचं सोड. मले एवढंच सांग, माहं गणित बरोबर हाय का?”

मी डोळा लावायची. गणित बरोबर असायचं. शुक्र नळीच्या अगदी मधोमध असायचा.

“मले दिसत नाई, बाबा,” मी म्हणायची.